सिझरनंतर चोवीस तासांची बाई लावली, त्याचा हिशोब

आधी आकडे सांगते, कारण मी चौकशी करत होते तेव्हा कुणी ते नीट सांगत नव्हतं. चोवीस तासांची बाळंतीण-बाळ सेवा, दिवसाला 1,100 रुपये, चाळीस दिवसांचे 44,000 आगाऊ. वर 5,000 अनामत. त्यावर ‘सिझर असेल तर’ 3,000. एकूण 52,000. संस्था ठाण्यातली आहे. नाव लिहीत नाही, कारण अनामतीवरून आमचं अजून मिटलेलं नाही. शिवाय आमच्या कॉम्प्लेक्समधल्या आणखी दोघींशी बोलले, त्यांच्या संस्था वेगळ्या आणि रडगाणं हेच.

माझी पहिली मुलगी सहा वर्षांपूर्वी मिरजेला झाली, माहेरी, नॉर्मल. तेव्हा मला काहीच ठरवावं लागलं नाही. मागच्या गल्लीतली आजी मालिशला यायची, आई खाटेखाली शेगडी सरकवायची, वेखंड-ओव्याची धुरी, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, जेवणानंतर बाळंतशोपेची सुपारी. तिसऱ्या दिवशी मी अंगणात फिरत होते. या खेपेला बाळ पायाळू निघालं, सिझर ठरलं, आणि त्याच महिन्यात आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं. ती मिरजेला वॉकरवर, मी डोंबिवलीला चौथ्या मजल्यावर. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या, एक गुडघा कामातून गेलेला. मला बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीप्रमाणे 26 आठवडे रजा, नवऱ्याला साहेबांच्या कृपेने पाच दिवस. खासगी नोकरीत बापाच्या रजेचा कायदाच नाही, त्यामुळे त्या पाच दिवसांचेही आभार मानावे लागले.

चौथ्या दिवशी घरी सोडलं. रिक्षात बसून मी डिस्चार्ज कार्ड वाचलं. बाळासाठी तेरा ओळी होत्या: लस, नाळ, कावीळ, लघवी किती वेळा, अंघोळ कधी. आईसाठी तीन. गोळ्या घ्या, टाके कोरडे ठेवा, सहा आठवड्यांनी दाखवा. पोटाचे इतके थर कापून पुन्हा शिवलेली बाई मी होते, पण दवाखान्याच्या दारातून बाहेर पडल्यावर पेशंट बाळ झालं आणि मी त्याची सोय. पुढचं सगळं याच नजरेनं वाचा, कारण संस्थेचीही नजर हीच होती.

त्यांचा तक्ता माझ्याकडे अजून आहे. बाळाची मालिश, बाळाची अंघोळ, बाळाचे कपडे, बाळाच्या बाटल्या (बाटली लागणारच हे त्यांनी आधीच ठरवलेलं), बाळाची धुरी. आईच्या रकान्यात: मालिश, शेक-शेगडी, पोट बांधणे. मी फोनवर विचारलं, सिझरला वेगळं काय करता? पलीकडच्या बाई म्हणाल्या, “काही नाही हो, तेच सगळं, फक्त जरा सांभाळून.” म्हणजे ‘जरा सांभाळून’चे तीन हजार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या खासगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी 47.4 टक्के सिझर होती. म्हणजे या लोकांच्या गिऱ्हाइकांत जवळजवळ प्रत्येक दुसरी बाई टाके घेऊन घरी येणार, आणि तक्ता मात्र अजून सुईणीच्या जमान्यातला.

पहिली बाई आली ती दोन दिवस टिकली. स्वभावानं वाईट नव्हती, पण तिच्या डोक्यात एकच बाळंतीण होती आणि ती मी नव्हते. आल्या आल्या तिनं जुनं नऊवारी मागितलं आणि माझं पोट बांधायला घेतलं, गुडघा पलंगाला लावून, दोन्ही हातांनी ओढून. मी ओरडले. ती म्हणाली, “आता नाही आवळलं तर पोट सुटतं मग.” दुसऱ्या दिवशी न्हाणीत कढत पाण्याचा तांब्या भरून पोटावर हबका मारायच्या तयारीत होती. रात्री मात्र माझ्याआधी झोपायची. बाळ रडलं की मीच तिला हाक मारायचे, मग ती उठायची, मग बाळ माझ्याजवळ यायचं. संस्थेला फोन केला, “बदलून देतो” म्हणाले, आणि तीन दिवस कुणीच आलं नाही. त्या तीन दिवसांचे 3,300 परत मागितले तर उत्तर आलं, “बदली सेवेचा कालावधी पॅकेजमध्ये धरलेला असतो.” हे कुठे लिहिलंय? लिहिलेलं नाही.

(पट्ट्याबद्दल: आमच्या डॉक्टरीणबाईंनी पोटाचा पट्टा वापरायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं, पण उठताना-चालताना आधार वाटेल एवढाच, श्वास अडेल असा नाही, आणि टाक्यांत घाम साचू द्यायचा नाही. पोट आत जायला पट्ट्याचा उपयोग नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. मी चेन-वेल्क्रोचा साधा पट्टा घेतला, पंधरा दिवस वापरला, मग कंटाळले.)

नंतर मावशी आल्या.

मूळच्या चिपळूणजवळच्या, राहायला कळव्याला. वय पंचावन्नच्या आसपास. पिशवी ठेवली, हातपाय धुतले, बाळाकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाल्या, “ताई, तुम्ही बाथरूमला जाऊन या.” मी भिंत धरत धरत गेले. परत आले तर मावशी माझ्या पलंगावर आडव्या! माझ्याच जागी, माझ्याच उशीवर, डावा हात हवेत लांब केलेला. मला बघून उठल्या. “रागावू नका, कुठवर हात पोचतो ते बघत होते.”

मग त्यांनी टीपॉय ओढला, पण समोर नाही, डोक्याच्या बाजूला, खांद्याच्या पातळीला. त्यावर नळीवाली पाण्याची बाटली, मोबाइलचा चार्जर, दोन लंगोट, एक ओला रुमाल, गोळ्यांची डबी, पार्लेचा पुडा. माझं पाणी आधी पायथ्याच्या स्टुलावर असायचं. सिझरच्या पहिल्या आठवड्यात पायथ्याचं स्टूल म्हणजे पुण्याएवढं लांब. तहान लागली तरी मी हाक मारायचे नाही, कारण आणखी किती हाका मारायच्या माणसानं? आणि पाणी कमी म्हणजे लघवीला जळजळ, त्यात लोहाच्या गोळ्या, पोट साफ होत नाही, कुंथायची तर भीतीच. हे कुणी कार्डावर लिहीत नाही, पण ऑपरेशननंतरच्या पहिल्या शौचाची मला ऑपरेशनपेक्षा जास्त धास्ती होती. मावशींनी त्यावर काही भाषण दिलं नाही. रात्री इसबगोल, आणि कमोडसमोर पाय ठेवायला लाकडी पाट. झालं.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती उठायची. तोवर मी सरळ उताणी असतानाच डोकं वर उचलून उठायचा प्रयत्न करायचे, म्हणजे सगळा ताण टाक्यांवर. मावशींनी पलंगाशी बसून एकेक सांगितलं: आधी गुडघे दुमडा. आता अख्खं अंग एकदम कुशीवर, लाटणं फिरतं तसं, कमर वेगळी आणि खांदे वेगळे नाही. आता पाय खाली सोडा. पायांच्या वजनानं अंग आपोआप वर यायला लागतं, तेव्हा कोपरावर भार द्या, मग तळहातावर. बसा. लगेच उभ्या राहू नका, दहा श्वास. खोकला-शिंक आली तर छोटी उशी टाक्यांवर दाबून धरायची. ती उशी पुढे महिनाभर माझ्या काखेत होती. मोठी लेक मुद्दाम तोंडं वेडीवाकडी करून हसवायची, आणि मी उशी आवळून “नको ना गं” म्हणत रडत हसायचे.

दूध पाजायला बाळ मांडीवर आडवं घेतलं की त्याच्या टाचा बरोबर टाक्यांवर बसायच्या. मावशींनी त्याला माझ्या बगलेत घातलं, पाय मागे पाठीकडे, डोकं माझ्या तळहातावर, खाली दोन उशा. रात्री कुशीवर झोपूनच. दूध पाजताना पोटात कळा येतात, दुसऱ्या खेपेला जास्त येतात, तेवढ्या सोसाव्या लागल्या. गर्भपिशवी आकसते म्हणून येतात हे माहीत असलं तरी कळ ती कळच.

आणि रात्र. मला विचाराल तर 1,100 पैकी हजार रुपये रात्रीचे आहेत. एका रात्रीचा हिशोब मी मुद्दाम वहीत लिहून ठेवला, बाराव्या दिवसाचा: बाळ पाच वेळा उठलं. मी जागी झाले चार वेळा, पलंगावरून उठले एकदाच, तेही स्वतःच्या लघवीला. बाकी बाळ उचलणं, लंगोट, माझ्या कुशीत देणं, पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, झोपवणं, सगळं मावशींनी. आधीच्या तीन बिनबाईच्या रात्रींत मी दहा-दहा वेळा उठत होते आणि प्रत्येक उठण्याची किंमत सकाळी टाक्यांत कळायची. नवरा करत होता हो, पण सकाळी साडेसातची लोकल त्याचीही होती.

मालिशीकडून मला फार अपेक्षा होत्या, मिरजेच्या आजीमुळे. मालिश निघाली जेमतेमच. पोटाला मावशी हात लावत नव्हत्या, टाके भरेपर्यंत लावायचाही नसतो. पाठ, खांदे, हात-पाय, मान. बरं वाटायचं, पण त्यासाठी 52,000 द्यावेत असं नाही. एक दिवस मात्र ती मालिश *न* केल्याचे मी त्यांचे पाय धरायला हवे होते. अकराव्या दिवशी डाव्या पोटरीत दुखायला लागलं. मी म्हटलं, मावशी, जरा तेल लावून चोळा, गोळा आलाय. त्यांनी दोन्ही पोटऱ्यांवर हात ठेवले, मग दोन्हींना दोरा गुंडाळून माप घेतलं. “डावी जाडजूड आहे ताई. एकाच पायाला सूज असली तर चोळायचं नाही. आधी डॉक्टर.” त्या दिवशी डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, झाली. काही निघालं नाही, नुसता ताण होता. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बाळंतपणात रक्त तसंही लवकर गोठतं, ऑपरेशननंतर जास्तच, आणि पोटरीत गुठळी असेल तर चोळण्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. दवाखान्यात पहिल्याच दिवशी मला ओढूनताणून चालवत होते ते याचसाठी. मला वाटलं होतं त्यांना खाट रिकामी करायची घाई आहे. मावशींना हे कुठून माहीत? संस्थेच्या प्रशिक्षणातून नाही. कळव्याच्या एका घरी त्यांच्या डोळ्यांदेखत असं झालं होतं. त्या बाईचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

जेवणावरून सासूबाई आणि मावशी यांच्यात आठवडाभर शीतयुद्ध. सासूबाईंचं म्हणणं, भात दिला की टाके पिकतात, तूरडाळ तर नाहीच. मावशींचं म्हणणं, “आई, मी दोन सिझर भातावरच काढली, आमच्याकडे दुसरं होतं काय?” डॉक्टरीणबाईंनी फोनवर सगळं खा म्हणून निकाल दिला, तेव्हा सासूबाईंनी माझ्या ताटात भाताचं मूद एवढ्या जोरात उलटवलं की ते ताटाबाहेर गेलं. डिंकाचे लाडू त्यांनीच केले, खारीक-खोबरं सढळ, आणि ते अप्रतिम होते, हे न लिहिणं अन्याय होईल.

आता दुपारचं. तिसऱ्या आठवड्यापासून मला रोज चारच्या सुमाराला रडू यायचं. कारण नाही. बाळ शांत, टाके भरत आलेले, चहा समोर. नातेवाईक यायचे, बाळाला बघायचे, “सिझर म्हणजे तुला कळा नाही सोसाव्या लागल्या” म्हणायचे आणि जायचे. एका मावसजावेनं तर “आयतं झालं की” असा शब्द वापरला. मी बाळंतपणात कमी पडले असं मला खरंच वाटायला लागलं होतं. त्यात टाक्यांच्या वर चार बोटं जागा बधिर, हात लावला तर दुसऱ्याचं पोट चाचपल्यासारखं. संस्थेच्या साप्ताहिक फोनमध्ये सहा प्रश्न असायचे, सहाही बाळाचे. मावशींनीच एक दिवस नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, “साहेब, ताई रोज रडतात. पहिल्या पंधरा दिवसांचं रडणं वेगळं, हे वेगळं. सहा आठवड्यांची वाट बघू नका.” नवरा मला घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी एक कागद दिला, गेल्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न: हसू येतं का, उगाच स्वतःला दोष देता का, झोप लागत नाही इतकं वाईट वाटतं का, आणि शेवटचा, स्वतःला इजा करावीशी वाटते का. हा बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायचा एडिंबराचा तक्ता आहे, 1987 पासून जगभर वापरतात, कमाल गुण 30. माझे 13 आले. पुढची दोन महिन्यांची हकीकत या परीक्षणात बसत नाही. आता बरी आहे.

मावशींचे दोष नाहीत असं नाही. मोबाइलवर मालिका, तीही कर्णा लावल्यासारखी. भाजीत मीठ जास्त. पंधराव्या दिवशी गुटी उगाळायला सहाण शोधत होत्या. मी म्हटलं, सहा महिने दुधाशिवाय काही नाही. दोन दिवस गाल फुगवून होत्या, मग आल्या वाटेवर. काजळावरूनही तेच झालं. ते भांडण मी अर्धं हरले, तळपायाला तीट लागतेच.

त्यांच्याशी बोलताना पैशांचं कळलं. त्यांना दिवसाला 700 मिळतात. 400 संस्थेचे. सिझरच्या 3,000 मधला एक रुपया त्यांच्यापर्यंत पोचलेला नव्हता, असे काही पैसे घेतात हेच त्यांना माहीत नव्हतं. त्यांचं स्वतःचं दुसरं सिझर झालं तेव्हा नवव्या दिवशी त्या हंडा घेऊन विहिरीवर होत्या. धाकट्या मुलीचं मात्र सरकारी दवाखान्यात झालं, जननी-शिशु योजनेत. ती 2011 पासून आहे. ऑपरेशन फुकट, सात दिवस जेवण, घरी सोडायला गाडी. “सात दिवस पोरीला आयतं ताट आलं,” हे त्या अशा सांगायच्या जशी ती ताज हॉटेलात राहून आली होती.

तर, संस्थेला मी पाचपैकी दीड देईन. अर्धा त्यांनी शेवटी का होईना मावशींना पाठवलं त्याचा. तुम्ही लावणार असाल तर पॅकेजची नावं ऐकू नका. बाई फोनवर मागा आणि तिलाच विचारा: सिझरवाली किती केल्यात? उठवणार कशी, ते सांग. टाक्यातून पाणी-पू आलं, ताप आला, तासाभरात पॅड भिजला, बसल्यावर डोकं ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं, तर काय करशील? “डॉक्टर” या एका शब्दात उत्तर आलं तरी पुरे, काढा-लेप निघाला तर दुसरी बघा. पैसे कमी असतील तर दिवसाची बाई सोडा, रात्रीची ठेवा. चाळीस दिवस नसतील तर पहिले पंधरा तरी. बदलीचे दिवस बिलातून वजा होतील हे लिहून घ्या. आणि शेगडीचे पैसे देऊ नका, आमच्या फ्लॅटमध्ये ती एकदाही पेटली नाही.

चाळिसाव्या दिवशी सासूबाईंनी मावशींची ओटी भरली, वर इरकली साडी. मी तीन हजारांचं पाकीट दिलं, संस्थेला न कळवता. त्या रिक्षात बसल्या आणि तासाभरात संस्थेचा मेसेज आला, पाच तारे द्या म्हणून. अनामतीबद्दल त्यात काही नव्हतं.

संध्याकाळी मावशींचा फोन. पुढचं काम ऐरोलीला, जुळी, सिझरच. “त्यांना सांगितलंय ताई, बाकी काही आणू नका, टीपॉय आणि एक लहान उशी तेवढी तयार ठेवा.”